प्रवासाची पट्टी दाखवा!

(जळगाव-धुळे जिल्हा बैठकीतील भाषण)



बाजार समितीत ज्वारीची पोती उतरवली की आपल्या हातात हिशेबपट्टी पडते. वजन किती, भाव काय, हमाली किती, तोलाई किती, सगळे लिहिलेले. पन्नास रुपयांचा फरक निघाला तरी आपण अडत्याशी भांडतो. भांडता येते, कारण पट्टी हातात असते. आज आम्ही बोलणार आहोत ते पट्टी नसलेल्या एका व्यवहाराबद्दल. आपले आमदार-खासदार दुसऱ्याच्या पैशाने प्रवास करतात, तेव्हा तो पैसा कोणाचा?

२०२२ सालचा जून आठवा. मृग लागलेला, आणि सरकी लावावी की थांबावे म्हणून कोरडवाहू शेतकरी आभाळाकडे बघतो आहे. २१ जूनला बातमी आली की शिवसेनेचे बंडखोर आमदार सुरतेच्या हॉटेलात आहेत. दुसऱ्या दिवशी ते खास विमानाने गुवाहाटीला गेले. २९ जूनला तिथून गोवा, आणि ३० जूनला मुंबईत नव्या मुख्यमंत्र्यांचा शपथविधी. या मंडळींत आपल्या जळगाव जिल्ह्यातले आमदार होते, धुळ्यातल्या साक्रीच्या होत्या. पाणीपुरवठा मंत्री होते. आणि ऐन पेरणीत राज्याचे कृषिमंत्रीही तिथेच होते.

हॉटेलचे बिल चुकते झाले, असे हॉटेलकडून सांगण्यात आले. पण ते कोणी चुकते केले? विमाने कोणी ठरवली, भाडे कोणी भरले? सुरतेला जायला आपल्याला पॅसेंजर गाडीचे तिकीट काढावे लागते. ते कोणी काढले हे घरात सगळ्यांना ठाऊक असते. इथे राज्याचे सरकार बदलले, आणि मतदाराला तिकिटाचा हिशेब मिळाला नाही.

हा एका पक्षाचा प्रश्न नाही. २००२ मध्ये विलासराव देशमुखांचे सरकार वाचवण्यासाठी आमदार बंगळूरला नेले होते. २०१९ मध्ये काँग्रेसचे आमदार जयपूरला होते. जो गेला तो विकला गेला, असेही आम्ही म्हणत नाही. आम्ही फक्त पट्टी मागतो.

कोणी म्हणेल, यात कापूसवाल्याचे काय गेले? ५ मार्च २०१२ ला दिल्लीने कापसाची निर्यात एका फटक्यात बंद केली. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले आणि ती सवलत डिसेंबरअखेर वाढवली. आपला कापूस घरात यायच्या आधी बाहेरच्या गाठींना दार उघडले. असे निर्णय होतात तेव्हा गिरणीवाला, व्यापारी, बियाणे कंपनी, सगळे आपापले म्हणणे घेऊन पोचतात. पोचू देत, तो त्यांचा हक्क आहे. पण त्यांनीच एखाद्या लोकप्रतिनिधीला सहकुटुंब अभ्यासदौरा घडवला असेल, तर ते आपल्याला कळायला नको का? ज्याचे मीठ खाल्ले त्याच्यासमोर जीभ जड होते, हे सांगायला पंडित लागत नाही.

कायदा काय सांगतो? परदेशी संस्थेच्या खर्चाने परदेशात जायचे तर आमदार-खासदारांना केंद्राच्या गृहखात्याची आधी परवानगी लागते. २०१० च्या परकीय योगदान कायद्यात तसे कलम आहे. पण ती परवानगी दिल्लीच्या फायलीत राहते. आणि पैसा देशातल्याच शेठजीचा असेल, तर ते कलम लागूच होत नाही. निवडणुकीच्या शपथपत्रात मालमत्ता, कर्ज, गुन्हे लिहावे लागतात. मधल्या पाच वर्षांत कोणी कुठे फिरवून आणले, याचा रकाना त्यात नाही. राज्यसभेत हितसंबंधांची नोंदवही आहे. तिचे पाच रकाने आहेत, त्यात प्रवासाचा नाही.

अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात खासगी खर्चाच्या दौऱ्याला आधी परवानगी लागते. परतल्यावर १५ दिवसांत कोणी किती खर्च केला हे जाहीर करावे लागते. हा नियम सदस्यांच्या कर्मचाऱ्यांनाही आहे. इंग्लंडच्या खासदाराला दुसऱ्याने ३०० पौंडांहून जास्त खर्च केलेला परदेशदौरा २८ दिवसांत नोंदवावा लागतो. तिथले पुढारी काही संत नाहीत. लोकांनी पट्टी मागितली म्हणून द्यावी लागली.

आपली मागणी अशी:

१. आमदार, खासदार आणि मंत्र्यांनी दुसऱ्याच्या खर्चाने केलेला प्रवास आणि मुक्काम ३० दिवसांत जाहीर करावा. पैसे कोणी दिले, किती दिले, कशासाठी दिले, सोबत कोण होते, हे त्यात असावे.

२. हाच नियम स्वीय सहायकांनाही लावावा. साहेबांच्या सहीआधी फाइल त्यांच्याच टेबलावरून जाते.

३. ही यादी मराठीत पंचायत समितीच्या फलकावर लावावी. माहितीच्या अधिकाराचा अर्ज करून तीस दिवस वाट पाहण्याची वेळ आणू नये.

कायदा होईल तेव्हा होईल. पट्टी मागायला कायदा लागत नाही. प्रचाराची गाडी गावात येईल तेव्हा घोषणा ऐकण्याआधी एवढेच विचारा: भाऊ, गेल्या पाच वर्षांत दुसऱ्याच्या पैशाने कुठे कुठे जाऊन आलात? लेखी द्या. जो देईल त्याला बसायला सतरंजी टाका. जो देणार नाही, त्याला पट्टीशिवाय माल घालायचा का, हे गावाने ठरवायचे.