गोळी परस्पर बंद करण्यापूर्वी...

एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे नियमित येत. छातीत दुखण्याच्या त्रासासाठी त्यांना मेटोप्रोलॉलची गोळी सुरू होती. थकवा येतो, हातपाय गार पडतात, म्हणून एके दिवशी त्यांनी ती परस्पर बंद केली. आठवड्याच्या आत छातीत जोराची कळ आली आणि रुग्णालयात दाखल व्हावे लागले. सुदैवाने निभावले. बरे झाल्यावर त्यांनी विचारले, ‘डॉक्टर, त्रास गोळीचाच होता ना? मग ती बंद केली, यात माझे चुकले काय?’

प्रश्न रास्त आहे. राग, भीती, धावपळ अशा वेळी शरीरात अ‍ॅड्रिनॅलिन वाढते आणि हृदय जोरात धावू लागते. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल ही ‘बीटा ब्लॉकर’ औषधे त्याला हृदयाच्या दारातच अडवतात. नाडी मंदावते, हृदयाचे श्रम वाचतात. थकवा ही त्याचीच दुसरी बाजू. पण दारे रोज बंद राहिली, की शरीर आणखी दारे तयार करते. गोळी एकदम थांबली, की ती सारी एकाच वेळी उघडतात. म्हणून हे औषध थांबवायचेच, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू कमी करत. दमा असेल, तर तो आधीच सांगावा.

दुसरा गट एनालाप्रिल, रामिप्रिल यांचा. ब्राझीलमधल्या एका सापाच्या विषावरील संशोधनातून या गटाचा उगम झाला. रक्तवाहिन्या आवळणारे एक द्रव्य शरीरात तयार होते, ते ही औषधे कमी करतात. काहींना त्यामुळे कोरडी ढास लागते. मग महिनोन् महिने खोकल्याच्या बाटल्या रिकाम्या होतात! डॉक्टरांनी लोसार्टन किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी बदलून दिली, की ही ढास बहुधा थांबते. मात्र ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला, तर पुढची गोळी न घेता तडक रुग्णालय गाठावे. गरोदरपणात ही औषधे चालत नाहीत.

अ‍ॅम्लोडिपिन रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल करते. त्यामुळे संध्याकाळी घोट्यांवर सूज दिसू शकते. ‘मूत्रपिंड गेले’ म्हणून लगेच घाबरू नये. पण डॉक्टरांना दाखवावे. डोस कमी करून किंवा औषध बदलून ती उतरते.

अ‍ॅस्पिरिन रक्ताची गुठळी होऊ देत नाही. म्हणूनच पोटात रक्तस्राव होण्याचा धोका असतो. शौचाला डांबरासारखे काळे झाले, तर थांबू नये. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट नेहमी बसूनच घ्यावी, कारण रक्तदाब उतरून चक्कर येते.

आणखी एक. गुडघे दुखतात म्हणून दुकानातून आणलेल्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या रक्तदाब वाढवतात आणि मूत्रपिंडावर ताण आणतात. त्या डॉक्टरांपासून लपवू नका. पुढच्या तपासणीला जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत घालून न्या, काढ्या-चूर्णांसकट.

त्या गुरुजींना मी म्हटले, ‘त्रास होत होता, हे तुमचे खरेच होते. तो मला सांगायचा राहिला, एवढेच चुकले.’ त्यांचा डोस आम्ही कमी केला. आता ते रोज सकाळी फिरायला जातात.