आरती आधी ऐकू येते, मग दिसते
(आरतीचं लाइव्ह प्रक्षेपण सांभाळणाऱ्या कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने मला एका वाक्यात विषय दिला: 'आरतीचं लाइव्ह अडकतं, काय करायचं ते सांगा.' त्याच बैठकीत नवा कॉम्प्युटर घ्यायचा का, हाही प्रश्न निघाला. पैसा वर्गणीचा आहे. तेव्हा आधी दोष कुठे आहे ते शोधू, खर्चाचं नंतर बोलू.

हे लाइव्ह प्रकरण मंडळांमध्ये निव्वळ हौसेपायी रुजलेलं नाही. २०२० साली कोरोनामुळे महाराष्ट्र सरकारने सार्वजनिक मूर्तींच्या उंचीला ४ फुटांची मर्यादा घातली आणि मंडळांनी ऑनलाइन दर्शनाची सोय करावी असं सांगितलं. लालबागच्या राजाच्या मंडळाने तर त्या वर्षी मूर्ती न बसवता आरोग्योत्सव केला. साथ ओसरली, सवय मात्र राहिली. इच्छापोर-हजिऱ्याच्या कारखान्यांत ज्यांची दुसरी पाळी असते ते, गुडघ्यांमुळे जिना न उतरू शकणाऱ्या आजी, पुण्यात किंवा परदेशात असलेली मुलं, ही सगळी मंडळी आता पडद्यावरूनच आरतीला येतात. त्यांच्यासाठी ते प्रक्षेपण म्हणजेच मंडप.

आता 'अडकतं' हा शब्द. या एका शब्दात तीन वेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. चित्र उशिरा येतं, ही एक. चित्र थांबत-थांबत येतं, ही दुसरी. आवाज आणि ओठ जुळत नाहीत, ही तिसरी. तिन्हींची औषधं वेगळी आहेत आणि पहिल्या तक्रारीला बहुतेक वेळा औषधच लागत नाही. घरी बसलेल्या आजींना चित्र २० सेकंद उशिरा आलं तर कळतही नाही. आरतीच्या मध्ये गोल चक्र फिरायला लागलं की मात्र लगेच कळतं. म्हणून यूट्यूबवर उशीर कमीत कमी ठेवण्याचा जो पर्याय आहे, तो आरतीसाठी घेऊ नका, साधाच ठेवा. साध्या पर्यायात बघणाऱ्याच्या फोनमध्ये काही सेकंदांचं चित्र आधीच साठतं आणि मधली लहानसहान अडचण त्या साठ्यावर निभावते. नातवाशी प्रत्यक्ष बोलायचं असेल तर व्हिडिओ कॉल करावा, ते काम वेगळं.

चित्र थांबत-थांबत येतं त्याकडे मात्र नीट बघायला हवं. आपली मांडणी अशी: कॅमेऱ्याजवळ एक लॅपटॉप, मागच्या खोलीत दुसरा कॉम्प्युटर. पहिला चित्र घेतो आणि एनडीआय या पद्धतीने दुसऱ्याकडे धाडतो. दुसरा त्यावर नाव, वेळ वगैरे चढवून ओबीएसमधून यूट्यूबला पाठवतो. एनडीआय ही न्यूटेक या अमेरिकन कंपनीने २०१५ साली आणलेली पद्धत. महागडी खास तार न घालता नेहमीच्या नेटवर्क केबलवरून चित्र जातं, हा तिचा गुण. पण चित्राचं ओझं किती असतं ते बघा. फुल एचडीच्या एका चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याला २४ बिट, आणि सेकंदाला २५ चित्रं. गुणाकार १२४ कोटी बिटांवर जातो, दर सेकंदाला! चांगली गिगाबिट केबल १०० कोटी वाहते. त्यामुळे चित्र दाबून लहान करावंच लागतं. एनडीआय ते दाबतं, तरी फुल एचडीला १०० मेगाबिटच्या आगेमागे जागा लागते.

इथेच केबल दगा देते, आणि तेही गुपचूप. केबलच्या पोटात ८ तारा असतात, ४ जोड्यांत. गिगाबिटला आठही लागतात, १०० मेगाबिटला चारच पुरतात. मंडपात केबलवर खुर्चीचा पाय पडला, एखादी तार तुटली, की बहुतेक वेळा दोन्हीकडची यंत्रं काही न बोलता १०० वर उतरतात. इंटरनेट चालतं, मेल जातं, सगळं ठीक वाटतं. चित्र तेवढं अडखळतं, कारण जेवढी वाट तेवढंच ओझं. म्हणून कॉम्प्युटरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जाऊन आकडा बघा: १००० आहे की १००? १०० दिसला तर आधी केबल बदला. दोन-तीनशे रुपयांच्या केबलसाठी नवा कॉम्प्युटर घेऊ नये.

'केबल कशाला, वायफाय आहे ना' असं कुणीतरी म्हणतंच. आपल्यापैकी खानदेशातून आलेल्यांना सुरत-भुसावळ लाइनचं दुपदरीकरण होण्याआधीचे दिवस आठवत असतील. एकच रूळ, त्यामुळे नंदुरबार-अमळनेरच्या वाटेवर समोरची गाडी जाईपर्यंत क्रॉसिंगला थांबून राहायचं. वायफाय तसंच आहे. एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं. दोन्ही कॉम्प्युटर वायफायवर असले तर तेच चित्र हवेतून दोनदा जातं, एकदा राउटरपर्यंत आणि एकदा तिथून पुढे. त्यात मंडपातले शे-दोनशे फोन. दुपारच्या चाचणीत सगळं सुरळीत आणि आठच्या आरतीला बोंब, याचं कारण बरेचदा हेच असतं. तेव्हा दोन्ही कॉम्प्युटर केबलने एका स्विचला जोडा आणि पाहुण्यांना त्या राउटरचा पासवर्ड देऊ नका. वाईटपणा आला तरी चालेल.

दोष केबलचा नसेल तर ओबीएसलाच विचारा. त्यात आकडेवारीची एक खिडकी आहे, तिच्यात गळलेल्या चित्रांचे तीन वेगळे हिशेब दिसतात. चित्र रचताना गळलेली, चित्र दाबताना गळलेली, आणि इंटरनेटवर पाठवताना गळलेली. पहिले दोन आकडे वाढत असतील तर कॉम्प्युटर थकला आहे. चार्जर लावा, बाकीचे प्रोग्राम बंद करा, दाबण्याचं काम ग्राफिक कार्डाकडे सोपवा, चित्र ७२० वर आणा. मोबाइलवर बघणाऱ्याला फरक फारसा जाणवत नाही. तिसरा आकडा वाढत असेल तर बाहेर जाणारी लाइन कमी पडते. जाहिरातीतला वेग बहुतेक खाली उतरवण्याचा असतो, आपल्याला हवा तो वर चढवण्याचा. ७२० च्या चित्राला साधारण ४ मेगाबिट पुरतात, पण हाताशी दुप्पट असावेत. आणि तिन्ही आकडे शून्य असूनही चित्र अडखळत असेल, तर दोष अलीकडे आहे, म्हणजे कॅमेऱ्यात किंवा दोन कॉम्प्युटरांच्या मधे. ही खिडकी एनडीआयच्या वाटेचा हिशेब ठेवत नाही, हे लक्षात असू द्या.

आता तिसरी तक्रार, मला सर्वांत टोचणारी. टाळ वाजल्याचं आधी ऐकू येतं आणि हात नंतर जुळतात. आवाज मिक्सरमधून थेट दुसऱ्या कॉम्प्युटरला येतो आणि चित्र कॅमेरा, लॅपटॉप, केबल असं फिरून येतं, म्हणून हे होतं. आंतरराष्ट्रीय प्रसारणाच्या शिफारशीनुसार आवाज ४५ मिलिसेकंद पुढे गेला तरी माणसाला खटकतं. मागे राहिला तर मात्र १२५ पर्यंत चालून जातं. साहजिक आहे. वीज आधी दिसते, गडगडाट मागून येतो, कानाला तीच सवय. चित्राला घाई करता येत नाही, म्हणून आवाजाला थांबवायचं. कॅमेऱ्यासमोर एकाने टाळी वाजवावी, मिनिटभर रेकॉर्ड करून एकेक चित्र पुढे सरकवत बघावं. सेकंदाला २५ चित्रं, म्हणजे एक चित्र ४० मिलिसेकंदांचं. टाळीचा आवाज हात जुळण्याच्या ३ चित्रं आधी आला तर ओबीएसमध्ये आवाजाला १२० मिलिसेकंद उशीर द्या. सुरुवातीला मेळ बरोबर आणि अर्ध्या तासाने बिघडलेला, असं असेल तर आवाजाचा दर तपासा. कुठे ४४,१०० आणि कुठे ४८,००० असेल तर सगळीकडे ४८,००० करा.

मंडपात खांबांमागे बसणाऱ्यांसाठी जो टीव्ही लावतो, त्याला यूट्यूबवरून चित्र देऊ नका. तिथे आवाज स्पीकरमधून थेट येत असतो आणि चित्र अर्ध्या मिनिटाने येईल. कापूर विझल्यावर पडद्यावर पेटेल! कॅमेऱ्यातून सरळ एचडीएमआय तार टीव्हीला न्या, आणि टीव्हीत 'गेम मोड' असेल तर तो लावा, त्याने टीव्हीचा स्वतःचा उशीर कमी होतो. थोडाफार उरलेला फरक खपतो. आवाजालाही ३४ मीटर जायला सेकंदाचा दहावा भाग लागतोच.

उशीर नेमका किती, हे मोजायचं असेल तर कॅमेऱ्यासमोर मोबाइलचं स्टॉपवॉच धरा आणि दुसऱ्या फोनने एकाच फोटोत ते घड्याळ आणि पडद्यावरचं घड्याळ दोन्ही टिपा. वजाबाकी करा, झालं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पुन्हा मोजायचं. आरतीच्या वेळी एक कार्यकर्ता मंडपाबाहेर, स्वतःच्या मोबाइल डेटावर प्रक्षेपण बघत बसलेला हवा. त्याची आरती चुकते, म्हणून रोज माणूस बदला.

केबल तपासायचं छोटं यंत्र मी बरोबर आणलं आहे. मंडळाच्या कपाटातल्या केबलही मागवल्या आहेत. चहा झाला की पुढे या, एकेक लावून बघू.