निवडीचे स्वातंत्र्य आणि मार्गदर्शकाचा कार्यभार



राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवी अभ्यासक्रमाची नवी रचना महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली, आणि तोवर प्रवेश-अर्जावर शाखा व विषय लिहून मोकळा होणारा विद्यार्थी मुख्य विषय, मायनर (दुय्यम विषय), खुला वैकल्पिक विषय, कौशल्य अभ्यासक्रम असे अनेक रकाने भरू लागला. या रचनेचे चलन श्रेयांक हे आहे. श्रेयांक म्हणजे अध्ययनाचे माप, ज्यात सैद्धांतिक विषयाच्या एका सत्रातील सुमारे १५ तासांच्या अध्यापनाला एक श्रेयांक मिळतो. मिळवलेले श्रेयांक २०२१ मध्ये स्थापन झालेल्या शैक्षणिक श्रेयांक पेढीत जमा होतात आणि त्यांच्या आधारे अभ्यासक्रम मध्येच सोडण्याची व पुन्हा धरण्याची मुभा मिळते.

स्वातंत्र्य देणारी ही व्यवस्था कागदावर निर्दोष दिसते, परंतु निवड करणाऱ्याला निवडीचे परिणाम समजावून सांगणारा माणूस तिने गृहीत धरला आहे, नेमलेला नाही. ज्याच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेले कोणी नाही, तो मायनर विषय बहुधा मित्राने घेतला म्हणून किंवा वेळापत्रकात बसला म्हणून निवडतो, आणि त्याचा पदव्युत्तर प्रवेशाशी असलेला संबंध त्याला तिसऱ्या वर्षी कळतो. त्याहून गंभीर बाब निर्गमनाची आहे: पहिल्या वर्षानंतर ठरवून थांबलेला आणि शुल्क न भरता आल्याने थांबलेला, दोघेही प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडले, तर महाविद्यालयाच्या दप्तरात त्यांच्यातील फरक दिसत नाही.

विद्यार्थी-साहाय्याचे तीन भाग सामान्यतः वेगळे मानले जातात: विषयनिवड व प्रगतीविषयीचे शैक्षणिक मार्गदर्शन, मनःस्थितीशी संबंधित समुपदेशन आणि शिष्यवृत्ती, वसतिगृह यांसारखे भौतिक साहाय्य. विद्यार्थ्याच्या आयुष्यात मात्र ते असे सुटे येत नाहीत. महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती-संकेतस्थळावरील अर्जात त्रुटी निघते, शिष्यवृत्ती लांबते, खाणावळीचे पैसे थकतात, रात्रपाळीचे काम धरावे लागते, सकाळचे तास बुडतात, हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली जाते आणि सत्र मान्य होत नाही. या साखळीच्या शेवटी समुपदेशकाकडे पाठवलेल्या मुलाला खरे तर पहिल्याच कडीला एखादा जाणकार कारकून हवा असतो.

विद्यार्थी-साहाय्याची ही जाण महाराष्ट्राला नवी नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू करवले, कर्मवीर भाऊराव पाटील यांनी श्रमाच्या मोबदल्यात शिक्षणाची वाट रयत शिक्षण संस्थेत रुजवली आणि पुण्यात अच्युतराव आपटे यांच्या पुढाकाराने १९५५ मध्ये विद्यार्थी सहाय्यक समिती उभी राहिली. दूरशिक्षणासाठी १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने तर अभ्यासकेंद्रावर ‘संमंत्रक’ ही भूमिकाच निर्माण केली. व्याख्यान देण्याऐवजी स्वयंअध्ययनातील अडचणी सोडवणे हे त्याचे मुख्य काम. नियमित महाविद्यालयांनी मुक्त विद्यापीठाकडे अनेक वर्षे दुय्यम म्हणून पाहिले. या एका बाबतीत तरी ते अनाठायी होते.

आजची प्रचलित व्यवस्था पालक-प्राध्यापकाची आहे, म्हणजे ठरावीक विद्यार्थ्यांचा गट एका अध्यापकाकडे सोपवला जातो. महाविद्यालयांची गुणवत्ता तपासणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनासाठी तिच्या नोंदवह्या काळजीपूर्वक भरल्या जातात, कधी कधी एकाच दुपारी आणि एकाच शाईने. यात अध्यापकाचा दोष कमी आहे, कारण त्याचा अध्यापनाचा कार्यभार व्याख्याने आणि प्रात्यक्षिके यांवरून मोजला जातो आणि विद्यार्थ्याशी बोलण्यात गेलेला तास त्यात धरला जात नाही. तासिका तत्त्वावरील अध्यापकाची स्थिती अधिक विपरीत आहे. पुढच्या वर्षी आपण येथे असू की नाही हे ज्याला ठाऊक नाही, त्याने तीन-चार वर्षांची सोबत द्यावी अशी अपेक्षा केली जाते.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा असा निर्देश दिला, हे स्वागतार्ह आहे. तथापि समुपदेशक नेमल्याने शैक्षणिक मार्गदर्शनाची जबाबदारी संपत नाही, कारण श्रेयांकांचा हिशेब आणि विषयांची संगती विषय शिकवणाराच समजावू शकतो. म्हणून या अधिवेशनातील प्रतिनिधींनी आपापल्या विद्यापीठाच्या विद्यापरिषदेपुढे असा ठराव मांडावा की, मार्गदर्शनाचे तास अध्यापनाच्या कार्यभारात मोजले जावेत, आणि तोपर्यंत पालक-प्राध्यापकांच्या नोंदवह्या पुरावा म्हणून स्वीकारल्या जाऊ नयेत.