पटावरचा शिपाई आणि रणगाडा



बुद्धिबळात प्यादे हे सर्वांत हलके मोहरे. पण योग्य घरात उभे असले तर तेच प्यादे वजिराला मारते, हे आपण पाहतोच. आज ज्या खेळाविषयी बोलायचे आहे त्यातही असे एक प्यादे आहे. ते म्हणजे रणगाडा फोडण्याचे हत्यार खांद्यावर घेतलेला पायदळाचा शिपाई.

खेळाचे नाव ‘स्क्वॉड लीडर’. जॉन हिल यांनी तो रचला आणि अमेरिकेतील ॲव्हलॉन हिल कंपनीने १९७७ साली काढला. दुसऱ्या महायुद्धातील लढाया त्यात पटावर मांडतात. पट म्हणजे नकाशाच. त्यावर मधमाशांच्या पोळ्यासारखी षटकोनी घरे असतात. एक घर म्हणजे जमिनीवरचे ४० मीटर आणि एक फेरी म्हणजे दोन मिनिटे. शिपाई, रणगाडे या पुठ्ठ्याच्या सोंगट्या. नेम लागला की हुकला, हे फासे सांगतात.

आता थोडे गणित करू या. जर्मन शिपायांजवळ पॅन्झरफाउस्ट नावाचे हत्यार होते. त्याचे नळकांडे एकदा उडवले की संपले. त्याचे प्रकार पल्ल्यावरून ओळखले जात : ३०, ६० आणि १०० मीटर. म्हणजे पटावर किती घरे? पाऊण, दीड आणि अडीच! उलट रणगाड्यावरची मशीनगन कित्येक घरे लांबून मारा करते. मग उघड्या शेतातून रणगाड्यावर धावून जाणाऱ्या शिपायाचे काय होईल, हे वर्गातला मुलगाही सांगेल.

म्हणून पहिला नियम असा की शिपायाने रणगाड्याकडे जायचे नाही, रणगाड्याला आपल्याकडे येऊ द्यायचे. घराचा कोपरा, कुंपण, झाडी अशा जागी दबा धरून बसायचे. झडपा लावलेल्या रणगाड्यातून बाहेरचे फार थोडे दिसते, म्हणून तो पुढे सरकला की बगलेतून किंवा पिछाडीवरून मारायचे. तिथे चिलखतही पातळ असते.

दुसरा नियम : रणगाड्याबरोबर चालणारे पायदळ आधी अडवा. रणगाड्याचे डोळे आणि कान तेच. आपल्या मशीनगनने त्यांना जमिनीला खिळवले, की रणगाडा एकटा पडतो.

तिसरा नियम : एकाच शिपायावर सारा डाव लावू नका. फासे कोणाचे नसतात! दोघे दोन बाजूंना ठेवा आणि दोघांनाही मागे सरकायची वाट ठेवा. हत्यार उडाले की मागे आगीचा झोत आणि धूर निघतो आणि जागा उघडी पडते.

हे केवळ पटावरचे शहाणपण नव्हे. सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबात असल उत्तर येथे पाणी सोडलेल्या शेतांत पॅटन रणगाडे अडकले. आपले रणगाडे आणि तोफा होत्याच. पण ४ ग्रेनेडियर्सचे हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या रिकॉइललेस तोफेने, पिकाच्या आडोशाने जवळ जाऊन रणगाडे फोडले. १० सप्टेंबरला ते कामी आले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले.

शिक्षकबंधूंनो, हा खेळ मुलांना जरूर शिकवा. त्यात अंतर मोजणे आहे, नकाशा वाचणे आहे, धीर धरणे आहे. मात्र एक गोष्ट सांगायला विसरू नका. ऑक्टोबर १९४४ मध्ये जर्मनीने १६ ते ६० वर्षांच्या पुरुषांची फोल्क्सश्टुर्म ही सेना उभारली आणि त्यांतल्या पुष्कळांच्या हाती हेच पॅन्झरफाउस्ट दिले. तुमच्या दहावीच्या वर्गातल्या मुलाच्या वयाचे पोर पन्नास पावलांवर रणगाडा येईपर्यंत थांबत होते! पटावरच्या सोंगटीला भीती वाटत नाही. ती मेली तर डबीत परत जाते. तो मुलगा मात्र घरी परत गेलाच असे नाही.

सोंगटी उचलताना एवढे ध्यानात राहिले, तर खेळ खऱ्या अर्थाने समजला असे म्हणावे.