पावती

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मी दोन शब्द बोलावेत असा आपण आग्रह धरलात. विद्वत्तेचा विषय मजजवळ नाही. बाजारात फसण्याचा अनुभव मात्र भरपूर आहे, तेव्हा त्यावरच बोलते.

आमच्या लहानपणी दुकानात एक पाटी हमखास असे : 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' ती वाचून आमच्या आया मुकाट्याने घरी येत. दुकानदार वर गादीवर, गिऱ्हाईक खाली पायरीवर, अशीच तेव्हाची रीत होती.

ती मोडण्यास आरंभ केला तो बायकांनी. 1966 साली मुंबईत नऊ भगिनींनी ग्राहकांसाठी एक संस्था काढली, 'कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया'. 1972 मध्ये मृणालताई गोरे, अहिल्याबाई रांगणेकर यांच्या मागून बायका लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या. 1975 मध्ये मुंबई ग्राहक पंचायत निघाली. शेजारपाजारच्या घरांनी संघ करावा, महिन्याचे सामान एकत्र मागवावे आणि आपसांत वाटून घ्यावे, अशी तिची पद्धत. दहा घरांचे गूळ-डाळ-तेल एकाच यादीत आले की भाव सांगणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो! पुढे 1986 साली ग्राहक संरक्षणाचा कायदा झाला आणि 2019 साली त्याच्या जागी नवा आला.

आता माझी फजिती ऐका. गौरी-गणपतीच्या तोंडावर मी बाजारातून मिक्सर आणला. दुकानदार म्हणाला, "बाई, पावती हवी तर कर वरून लागेल." चार पैसे वाचतील म्हणून मी मान डोलावली. तिसऱ्या आठवड्यात ओले खोबरे वाटताना त्यातून धूर निघाला. दुकानात गेले तर उत्तर मिळाले, "आमच्याकडूनच नेला कशावरून?" मी काय दाखविणार? भांडे हातात, पण पुरावा नाही.

त्याच सुमारास शेजारच्या वहिनींचा पंखा बिघडला. त्यांनी पावती डाळीच्या डब्यात जपून ठेविली होती. त्यांच्या सुनेने 1915 या क्रमांकावर फोन केला. तेथे मराठीत बोलता येते, हे मला त्या दिवशी कळले. ते काही न्यायालय नव्हे, तक्रार कंपनीपुढे नेऊन ठेवतात इतकेच. पण कंपनीचा माणूस नवा पंखा घेऊन दारात आला. मला आनंद झाला आणि, खरे सांगते, थोडा हेवाही वाटला.

मागाहून कायदा वाचविला तेव्हा समजले की, पावती न देणे हीच त्यात अनुचित व्यापारी प्रथा गणली आहे. पावतीवर मुदत लिहिलेली नसेल तर सदोष माल तीस दिवसांपर्यंत परत घेण्यास नकार देणे, हीसुद्धा. म्हणजे माझी बाजू खरी होती. चार पैशांसाठी ती मीच विकली होती!

पूर्वी ग्राहक न्यायालय म्हटले की आपल्याला खोपोली, पेण करीत अलिबाग गाठावे लागे. एक दिवस, भाडे आणि पुढची तारीख! कोण जाणार? आता तक्रार घरबसल्या संगणकावरून देता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीस फी नाही, मुदत दोन वर्षांची. पण वाडीवरची कातकरी बाई सुटे तेल आणि मीठ-मिरची नेते, तिला पावती कोण देतो? तिच्यापर्यंत हा कायदा अजून पोहोचावयाचा आहे.

आणखी एक बोलल्यावाचून राहवत नाही. फोनवरून वस्तू मागवितो आणि मग तारे देतो, ती सत्ता आपल्या हाती आली खरी. परंतु परवा भर पावसात दहिवलीच्या पुलावरून सायकल मारीत आलेल्या मुलाला उशीर झाला म्हणून एकीने एकच तारा दिला. त्या एका ताऱ्याने बड्या कंपनीचे काय जाणार? त्या पोराच्या मात्र पोटाला चिमटा. गादीवरच्या शेटजीसमोर आपण गप्प बसत होतो, आणि आता तोंड सोडतो ते कोणावर?

असो. पुढील महिन्यापासून दर गुरुवारी दुपारी मंडळाच्या खोलीत आपण तक्रारी लिहिण्यास बसावे, असे मी सुचविते. ज्यांच्या सुना-मुलींना फोन नीट चालविता येतो, त्यांनी त्यांना बरोबर आणावे. वाडीवरच्या बायकांनाही निरोप द्यावा. आणि येताना पावत्या आणाव्यात. माझा मिक्सर माळ्यावर आहे. त्याचे मात्र मजजवळ आणण्यासारखे काही नाही.