वेळेवर हाती आलेली यादी

शिकागोत हायस्कूल नववीला सुरू होतं आणि बारावीला संपतं. मुलं शाळा सोडतात ती मोठी झाल्यावर, म्हणून लक्ष ठेवायचं ते वरच्या वर्गांवर, असा समज सगळीकडेच असतो. शिकागो विद्यापीठाच्या शालेय संशोधन केंद्रातल्या एलेन ॲलन्सवर्थ आणि जॉन ईस्टन यांनी २००५ मध्ये बोट ठेवलं ते नववीवर.

त्यांचं मोजमाप साधं होतं. नववीअखेर वर्षभराच्या विषयांत पास झाल्याची किमान पाच क्रेडिट्स पदरात हवीत. आणि इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रं या विषयांत दोन्ही सत्रं मिळून नापासाचा एकापेक्षा जास्त शेरा नको. एवढं जमलं की मूल मार्गावर. १९९९ साली नववीत आलेल्या मुलांपैकी मार्गावर राहिलेल्या ८१ टक्क्यांनी चार वर्षांत हायस्कूल पूर्ण केलं. घसरलेल्यांत हे प्रमाण होतं २२ टक्के.

आठवीच्या चाचणीत मागे पडलेलं पण नववीत नेट धरलेलं मूल, आठवीत हुशार ठरून नववीत घसरलेल्या मुलापेक्षा जास्त वेळा शेवटपर्यंत पोचत होतं. ‘याचं गणितच कच्चं, हा काय शिकणार’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने ही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हजेरीचं वजनही फार मोठं निघालं. एका सत्रात आठवडाभर जास्त दांडी पडली, की हुशार मुलंही नापास होऊ लागत.

मग शहराच्या शिक्षण खात्याने शाळांना नावानिशी याद्या द्यायला सुरुवात केली. आठवीतच ज्यांची हजेरी आणि निकाल काळजीचे होते ती मुलं कोण, वर्ष चालू असताना कोण घसरतंय. सरासरी टक्केवारी हाती घेऊन शिक्षक कोणाच्या घरी जाणार? नाव हाती असलं की जाता येतं. २००७ मध्ये नववीतली ५७ टक्के मुलं मार्गावर होती, २०१३ मध्ये ८२ टक्के. शिक्षकांनी नुसते गुण वाढवून दिले असतील, ही शंका रास्तच. पण ज्या शाळांनी आधी सुधारणा केली, तिथली वाढ वरच्या वर्गांतही टिकली आणि हायस्कूल पूर्ण करणारेही वाढले.

पुढचा खड्डा कॉलेजच्या दाराशी. मेलिसा रॉडरिक आणि सहकाऱ्यांच्या २००८ च्या अहवालानुसार, चार वर्षांच्या पदवीची इच्छा असलेल्यांपैकी ४१ टक्केच मुलं अर्ज करून अशा कॉलेजात दाखल झाली. कित्येकांचं घोडं आर्थिक मदतीच्या सरकारी अर्जावर अडायचं. तिथे त्याला ‘फाफ्सा’ म्हणतात. कॉलेजने होकार दिलेल्यांपैकी ज्यांनी तो भरला होता, त्यांची दाखल होण्याची शक्यता इतरांपेक्षा पन्नास टक्क्यांहून जास्त होती. पुढे कोणाचा अर्ज राहिला, कोणाचा अपुरा आहे, हे समुपदेशकांना विद्यार्थीनिहाय दिसू लागलं.

अशी यादी आपल्याकडेही करता येईल. महाराष्ट्रात २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर एकाच ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले आहेत. दहावीच्या निकालाशेजारी अकरावी, आयटीआय आणि पदविकेच्या याद्या ठेवल्या, तर कुठेच नाव नसलेली मुलं सापडू शकतात. वर्गशिक्षकांकडे त्यांच्या पालकांचे नंबर असतात. प्रवेशाच्या फेऱ्या संपायच्या आत ही नावं त्यांच्या हाती पडली, तर फोन लागेल तेव्हा जागा शिल्लक असेल.