घराची किंमत आणि घराचा खर्च



वसंत व्याख्यानमालेत कामगार चळवळीतला माणूस उभा राहिला, की तो बोनस नाहीतर संप यांवर बोलणार असे श्रोते धरून चालतात. आज मी घराच्या खरेदी-विक्रीवर बोलणार आहे, आणि त्यात विषय बदलला असे मला वाटत नाही. कुरकुंभच्या वसाहतीत पंचवीस-तीस वर्षे राबलेल्या माणसाचा प्रॉव्हिडंट फंड शेवटी जातो कुठे? बहुधा घरात. पगाराच्या करारावेळी आम्ही कामगाराला सांगतो, की बाबा, कागदावरचा आकडा पाहू नकोस, कपाती जाऊन हातात काय पडते ते पाहा. घराच्या बाबतीत हिशेब तोच, फक्त उलटा. किंमत किती ठरली यापेक्षा एकूण हातातून किती जाते, हे इसार देण्याआधी मांडले पाहिजे.

आपण मांडूनच पाहू. समजा, कासुर्डीच्या एका गड्याने पुणे महापालिकेच्या हद्दीत हडपसरला 25 लाखांचा जुना फ्लॅट ठरवला. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 30 लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक जास्तीत जास्त 90 टक्के देऊ शकते. म्हणजे साडेबावीस लाख बँकेचे, अडीच लाख आपले. गडी खूश. पण पुण्यात मुद्रांक शुल्क 5 टक्के, त्यावर स्थानिक संस्थेचा 1 टक्का आणि मेट्रोचा 1 टक्का. मिळून 7 टक्के, म्हणजे 1,75,000 रुपये. नोंदणी फी 1 टक्का, म्हणजे 25,000. (किंमत 30 लाखांवर गेली तरी ही फी 30,000च्या पुढे जात नाही.) हे दोन लाख बँक घराच्या किमतीत धरत नाही, 2015 साली सूट मिळाली ती फक्त 10 लाखांपर्यंतच्या घरांना. तेव्हा अडीच लाखांच्या जागी साडेचार लाख रोकडे हवेत. शिवाय दलाल आहे, वकील आहे, बँकेची प्रक्रिया फी आहे, गहाणाच्या कागदावरचा मुद्रांक आहे, सोसायटीचे हस्तांतर शुल्क आहे. पाच लाख कधी ओलांडले ते कळतही नाही.

माझ्या पाहण्यात अशी माणसे आहेत, की ज्यांनी गावाकडचे किडूकमिडूक विकून इसार दिला आणि दस्ताच्या दिवशी मुद्रांकाला पैसे नाहीत म्हणून व्यवहार मोडला. इसार बुडाला. पाव्हण्यारावळ्यांत शोभा झाली ती वेगळीच. म्हणून इसारपावतीत एक ओळ घालून घ्यावी : कर्ज मंजूर झाले नाही तर इसार परत. विकणारा कुरकुर करतो, पण मालकही करार करताना कुरकुर करतातच. त्याने कोणी मागणी सोडत नाही.

आता कोणी द्यायचे? 1958च्या मुद्रांक कायद्याप्रमाणे, दुसरे काही ठरले नसेल तर खरेदीखताचा मुद्रांक घेणाऱ्यावर पडतो. 1882च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे, विक्रीच्या तारखेपर्यंतचा सरकारी आणि स्थानिक कर विकणाऱ्यावर. मात्र दोन्हीकडे शब्द आहे ‘दुसरे काही ठरले नसेल तर’. ठरवता येते. घासाघीस फक्त किमतीचीच करायची असते, ही आपली समजूत आहे.

विकणाऱ्यालाही सगळी किंमत पदरात पडत नाही. जुने कर्ज फेडून बोजा उतरवायचा, सोसायटीची थकबाकी भरायची, दलालाची दलाली द्यायची, आणि नफ्यावर प्राप्तिकर. तो कर दुसऱ्या घरात पैसे गुंतवून वाचवता येतो. पण त्याला मुदती आहेत, त्या विक्रीआधी विचाराव्यात.

एक बचत मात्र अगदी सरळ आहे. 1 एप्रिल 2021 पासून राहते घर बाईच्या नावावर घेतले तर मुद्रांकात 1 टक्का सूट मिळते. आपल्या उदाहरणात ते 25,000 रुपये झाले. नवराबायको दोघांची नावे घातली तर ही सूट नाही. पंधरा वर्षे ते घर पुरुषाला विकायचे नाही अशी अट होती, तीही 2023 साली निघाली. तरी मंडळी नाव आपलेच घालतात! पंचवीस हजारांचा मान म्हणायचा.

दुसरी ‘बचत’ म्हणून जी सांगतात ती बचत नव्हे. दस्तात किंमत कमी लिहा आणि उरलेले रोख द्या. मुद्रांक लागतो तो लिहिलेली किंमत आणि सरकारी बाजारभाव, म्हणजे रेडी रेकनर, यांत जी जास्त असेल तिच्यावर. त्याखाली उतरता येत नाही. शिवाय बँक कर्ज देते ते लिहिलेल्या किमतीवर. पुढे तुम्ही विकाल तेव्हा रोख दिलेली रक्कम तुमचा खर्च म्हणून धरली जात नाही, आणि नफा फुगून कर तुमच्या डोक्यावर येतो. आजचा विकणारा आपला कर वाचवतो, तो तुमच्या खिशातून.

आपल्याकडे ग्रामपंचायत हद्दीत मुद्रांकाचा दर शहरापेक्षा कमी असतो. नेमका किती, ते दुय्यम निबंधकाच्या कचेरीत त्या गावाचे नाव सांगून विचारावे. गावठाणातले घर घेताना लोक ग्रामपंचायतीचा नमुना 8चा उतारा पाहून निर्धास्त होतात. तो करआकारणीचा उतारा आहे, मालकीचा नव्हे. वकिलाकडून तीस वर्षांचा शोध घेण्यास खर्च येतो खरा, पण भाऊबंदांचा दावा दारात येतो त्यापेक्षा तो फार स्वस्त.

आणि दस्त झाला म्हणजे काम संपले असेही नाही. दस्त सहीच्या तारखेपासून चार महिन्यांत नोंदवावा लागतो. सात-बाराची जमीन असेल तर पुढे फेरफार. त्यासाठी नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात, मग नोंद मंजूर होते. ग्रामपंचायतीत घरपट्टीला नाव लावायचे, वीजमीटर बदलायचे, फ्लॅट असेल तर सोसायटीच्या भागदाखल्यावर नाव चढवून घ्यायचे. या हेलपाट्यांत जेवढे खाडे पडतील तेवढी रोजी बुडते. तीही इसार देण्याआधीच्या त्या कागदावर मांडून ठेवा.